फॅक्टरी रीसेट? रस्त्यावर अजिबात नको

सायकलचा जीपीएस राइडमध्ये बंद पडला, असं कोणी ग्रुपवर लिहिलं की पाच मिनिटांत उत्तर येतं: फॅक्टरी रीसेट मार. सांगणाऱ्याला मदतच करायची असते. तरीही हा सल्ला चुकीचा आहे, आणि ज्याची दिवसभराची नोंद त्या यंत्रात अडकली आहे त्याच्यासाठी तर घातक आहे. स्क्रीन गोठली म्हणजे नोंद गेली असं नसतं. ती बहुतेक वेळा आत शाबूत असते. फॅक्टरी रीसेटने सेटिंग जातात, सेन्सरच्या जोडण्या जातात, आणि घाईत चुकीच्या ओळीवर बोट पडलं तर आधीच्या सगळ्या राइडही जातात. बिघाडातून जे वाचलं होतं ते उपायात जातं.

माझं मत स्पष्ट आहे. रस्त्यावर यंत्र दुरुस्त करायचं नसतं. रस्त्यावर आधी जीव सांभाळायचा, मग वेळ, मग नोंद. दुरुस्ती घरी, टेबलावर, पोट भरल्यावर आणि झोप झाल्यावर.

जीव पहिला म्हणतो त्याला कारण आहे. पसरणी घाट उतरताना हँडलबारवर वाकून बटणं दाबणारे रायडर दिसतात तेव्हा मला मनापासून राग येतो. ताशी तीस-पस्तीसच्या वेगाने उतरणारी सायकल एका सेकंदात आठ ते दहा मीटर पुढे जाते. तीन सेकंद नजर स्क्रीनवर राहिली तर पंचवीस-तीस मीटर रस्ता न बघता कापला. पसरणीच्या वळणावर तेवढ्या अंतरात समोर एसटी उभी असते. थांबायचं असेल तर वळणावर थांबू नका, साइडपट्टीवरही नको. पेट्रोल पंप, चहाची टपरी, देवळाचं आवार, जिथे सायकल रस्त्यापासून पूर्ण बाजूला जाते तिथे थांबा. रात्र असेल तर जॅकेट अंगावर ठेवा, मागचा दिवा चालू ठेवा. तोवर यंत्र काळं राहिलं तर राहू दे.

बाजूला गेलात? आता पॉवरचं बटण दाबून धरा. बहुतेक सायकल-संगणकांना दहा ते पंधरा सेकंद पुरतात, काहींना थोडं जास्त लागतं. यात गोठलेला प्रोग्राम मरतो, साठवलेलं काही पुसलं जात नाही. यंत्र परत उठलं की बरीच मॉडेल विचारतात: अर्धवट राइड पुढे चालू ठेवायची, साठवायची की टाकून द्यायची? पुढे चालू ठेवा. थंडीने बोटं आखडलेली असतात, डोकं तापलेलं असतं, आणि ‘टाकून द्या’ हा पर्याय नेमका शेजारीच असतो, म्हणून वाचून दाबा. काही यंत्रं काहीच विचारत नाहीत, मुकाट्याने थांबलेल्या अवस्थेत परत येतात. तिथे स्टार्टचं बटण एकदा दाबून घड्याळ पळतंय का ते पाहा. जुनी राइड दिसतच नसेल तर नवी सुरू करा आणि निघा. दोन तुकडे घरी जोडता येतात. हे सगळं दोन मिनिटांचं काम आहे. दोन मिनिटांत जे सुटलं नाही ते रस्त्याच्या कडेला वीस मिनिटांतही सुटत नाही, एवढं धरून चाला.

नोंद वाचते कशी, हे कळलं की माणूस घाबरायचा थांबतो. आज बहुतेक सायकल-संगणक ‘फिट’ नावाच्या प्रकारात फाइल लिहितात. सुरुवातीला छोटा मथळा, मग सेकंदा-सेकंदाला एकेक नोंद: जागा, उंची, वेग, हृदयाचे ठोके. अगदी शेवटी दोन बाइटचा पडताळा, आणि मथळ्यात एकूण आकार. वाण्याच्या वहीत उधारीच्या ओळी त्या त्या वेळी लिहिल्या जातात आणि बेरीज दुकान बंद करताना होते, तसंच. यंत्र मध्येच मेलं तर बेरीज राहते, ओळी राहतातच. म्हणून अशी फाइल वेबसाइटवर चढवायला गेलं की ‘फाइल खराब आहे’ असं उत्तर येतं आणि रायडर हताश होऊन ती डिलीट करतो. डिलीट करू नका! आकार आणि पडताळा दुरुस्त करून देणारे प्रोग्राम फुकट मिळतात. शेवटची काही सेकंदं, फार तर काही मिनिटं जातील. बाकी राइड परत मिळते.

आता गोठतं का, ते. बॅटरी संपणं हे कारण सगळ्यांना सुचतं, पण माझ्या मते आपल्याकडच्या लांब राइडमध्ये जास्त दोष रूटचा असतो. अधिक नेमकं सांगायचं तर रूटवरून सरकलं की नवा रस्ता शोधायला लावणाऱ्या त्या सेटिंगचा.

पुणे–सातारा रस्ता घ्या. उड्डाणपूल आणि त्याखालचा सर्व्हिस रोड यांत आडवं अंतर काही मीटरांचं. मोकळ्या आकाशाखाली साध्या जीपीएसची अचूकता तीन ते पाच मीटरच्या आसपास. पुलाच्या भिंतीलगत त्याहून वाईट. तुम्ही सर्व्हिस रोडवर आहात की पुलावर, हे यंत्राला कळत नाही. ते ओरडतं: रूट सोडलात. मग छोट्याशा प्रोसेसरवर दोनशे किलोमीटरचा नकाशा उलगडून नवा मार्ग शोधायला बसतं. तो सापडायच्या आत तुम्ही मूळ रेघेवर परत आलेले असता, पुढच्या पुलापाशी पुन्हा तेच. अशा दोन-चार फेऱ्यांनंतर स्क्रीन गोठली तर नवल नाही. कधी ते दुभाजक असलेल्या महामार्गावर उलट फिरायला सांगतं. नवखा रायडर ते ऐकतोही, आणि हे मला सगळ्यात भीतीदायक वाटतं.

दुसरी अडचण आपल्या बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या, आखणीतच आहे. बऱ्याच बीआरएम ‘जा आणि परत या’ अशा असतात. जाण्याची आणि येण्याची रेघ एकमेकींवर पडते, आणि परतीला आपण एकशेविसाव्या किलोमीटरवर आहोत की ऐंशीव्या, असा गोंधळ यंत्राचा होतो. त्यात खंबाटकीसारखी जागा. तिथल्या जुन्या रचनेत साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा आणि पुण्याकडे येताना बोगद्यातून यायचं. कोणी आळसाने जाण्याचीच रेघ उलटी करून परतीला दिली असेल तर यंत्र बोगद्याच्या तोंडाशी ‘चुकलात’ म्हणणार, आणि आत गेल्यावर उपग्रहच दिसेनासे होणार. दोष यंत्रावर ढकलला जातो; चूक रूट आखणाऱ्याची असते.

यावरचा उपाय आदल्या रात्रीचा आहे. जाण्याची एक फाइल, येण्याची दुसरी, वळून परतायच्या कंट्रोलला, म्हणजे शिक्क्याच्या थांब्याला, बदलायची. मार्ग पुन्हा शोधण्याची सेटिंग बंद. नकाशावर नुसती रेघ दिसू द्या, त्या रेघेवर राहायचं काम तुमचं. आणि रूटची फाइल हलकी ठेवा. दुसऱ्याच्या राइडमधून उचललेली, सेकंदा-सेकंदाचे हजारो बिंदू असलेली फाइल यंत्रात कोंबू नका. रूट बनवणाऱ्या साइटवर बिंदू कमी करता येतात. एवढं केलं तर निम्म्या तक्रारी उरणार नाहीत, अशी माझी खात्री आहे. ही आकडेवारी नाही, अनेकांच्या तक्रारी ऐकून बनलेलं मत आहे.

उपग्रहांबद्दल एक गैरसमज आधी मोडतो, कारण ताम्हिणीत तो दर पावसाळ्यात ऐकू येतो: ‘रेंज नाही म्हणून जीपीएस चालत नाही.’ मोबाइलच्या टॉवरचा इथे संबंध नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, सतत आपली वेळ आणि जागा सांगत राहतात, आणि तुमचं यंत्र फक्त ऐकतं. चार उपग्रह ऐकू आले की काम भागतं: तिघांवरून जागा, आणि यंत्रातल्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला चौथा. ताम्हिणीत रेंज गेल्यावर बंद पडतं ते घरच्यांना तुमचा ठिपका दाखवणारं लाइव्ह ट्रॅकिंग, कारण ते फोनमधून जातं. घरी आधीच सांगून ठेवा की मुळशी ओलांडल्यावर ठिपका थांबेल, तो थांबला तरी घाबरू नका. हे एक वाक्य न सांगितल्यामुळे किती घरांत रात्र जागून काढली जाते, ते रायडरला दिसत नाही.

मात्र दरीत, दाट झाडीत, कड्याला लागून जाताना जागा हलते, हे खरं. सिग्नल कड्यावर आपटून वळून येतो, अंतर जास्त मोजलं जातं, ट्रॅक दरीत उडी मारतो. याला काही करायचं नसतं. मोकळ्यावर आलात की रेघ आपोआप रस्त्यावर येते. करायचं ते सुरुवातीला: सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये यंत्र चालू करून तसंच निघू नका. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील दर तीस सेकंदांनी पुन्हा सांगतो. तो सलग ऐकायला यंत्राला आकाश हवं, आणि ते थोडा वेळ एका जागी असलं तर बरं. स्टार्टला जीपीएस लावून दोन मिनिटं उघड्यावर ठेवा, तोवर टायरची हवा बघा.

आजची यंत्रं कक्षेचा हा तपशील फोनवरून आगाऊही घेतात, म्हणून ती चटकन जागा पकडतात. ही सोय चांगली, पण तिने एक नवं परावलंबन आणलं. २८ जानेवारी २०२५ ला गार्मिन कंपनीची असंख्य घड्याळं जगभर एकाच दिवशी निळ्या त्रिकोणावर अडकली. जीपीएस लागणारा व्यायाम सुरू केला की त्रिकोण, पुन्हा चालू केलं की पुन्हा त्रिकोण. कंपनीने सांगितलेला उपाय काय होता? बटण दाबून धरा, यंत्र परत चालू करा, मग सिंक करा. तोच साधा उपाय. त्या दिवशी घाबरून ज्यांनी सगळं पुसून टाकलं, त्यांनी विनाकारण पुसलं.

घड्याळांवरून आठवलं, म्हणून एक आडवळण घेतो. आपल्या स्वतःच्या ‘नाविक’ या दिशादर्शक प्रणालीतल्या पहिल्या उपग्रहाची, आयआरएनएसएस-१ए ची, तिन्ही रुबिडियम घड्याळं निकामी झाली होती. त्याच्या जागी पाठवलेला १एच ऑगस्ट २०१७ मध्ये यानाच्या टोकावरचं आवरण न सुटल्यामुळे वाया गेला. एप्रिल २०१८ मध्ये १आय पोचला. मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ स्वदेशी रुबिडियम घड्याळ घेऊन गेला, आणि छोट्या यंत्रांच्या चिप ज्यावर ऐकतात तो एल-१ पट्टाही आपल्या प्रणालीत आला. सायकलच्या हँडलबारवर नाविकचा सिग्नल सर्रास दिसावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. सह्याद्रीच्या दरीत डोक्यावर जितके जास्त उपग्रह, तितकी रेघ सरळ, आणि हे उपग्रह तर मुळात भारतावर नजर ठेवूनच सोडलेले आहेत.

बॅटरीचं थोडक्यात. यंत्राच्या खोक्यावर लिहिलेले तास नव्या बॅटरीचे आणि मंद उजेडाचे असतात. रात्रभर स्क्रीन उजळ, नकाशा चालू, फोन जोडलेला असं ठेवलं तर ते तास मिळणार नाहीत. पॉवर बँक जोडणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, सायकल-संगणक इतका कमी करंट घेतो की काही पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि त्या आपणहून बंद होतात. आपली बँक तशी आहे का, हे घरी तासभर लावून तपासा. दोन, पावसात यूएसबीचं रबरी झाकण उघडून चार्जिंग करणं म्हणजे पोर्ट गंजवणं. चार्ज करायचं असेल तर कंट्रोलला, छपराखाली, पोर्ट कोरडं पुसून. डायनॅमो हब वापरणाऱ्यांनी थेट यंत्राला वायर जोडू नये. चढावर वेग पडला की वीज तुटते, यंत्र दर वेळी ‘वीज गेली, बंद होऊ का?’ विचारतं, आणि उत्तर नाही मिळालं तर काही मॉडेल खरंच बंद होतात. डायनॅमोवरून पॉवर बँक भरा, बँकेवरून यंत्र.

विदर्भातल्या रायडरांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण असं लिखाण सहसा पुण्या-मुंबईच्या हवामानात बसून होतं. लिथियम बॅटरीची बरीच यंत्रं ४५ अंशांच्या वर चार्जिंग घेत नाहीत. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवाच तिथे पोचते. उन्हात तापलेलं काळं यंत्र त्याच्याही वर जातं. दुपारी केबल लावूनही टक्के वाढत नसतील तर यंत्र बिघडलेलं नाही, ते स्वतःला वाचवतंय. पहाटेच भरून घ्या. दुपारी थांबलात की सायकल सावलीत लावा आणि यंत्र माउंटवरून काढून खिशात ठेवा.

पावसात टचस्क्रीन आपोआप पानं उलटते, कधी राइडही थांबवते. स्टार्टलाच टच लॉक करा. उंची मोजणारं छिद्र घामाने किंवा पाण्याने बुजलं की सपाट रस्त्यावर चढ दिसतो. तो दिसू दे, घरी गोड्या पाण्याने धुवा, पिन घालू नका. सेन्सरचे आकडे उडायला लागले तर नव्वद टक्के संशय सीआर-२०३२ या गोल सेलवर घ्या, तो पन्नास-साठ रुपयांचा आहे, एक जवळ असू दे. आणि ऑटो-पॉझ बंद करा. सिंहगडाच्या चढावर झाडीखाली ताशी पाच-सहाच्या वेगाने चढणारा माणूस यंत्राला उभा वाटू शकतो आणि नोंद तुटते. बीआरएमचं घड्याळ तुमच्यासाठी कधीच थांबत नाही, मग यंत्राचं तरी का थांबवायचं?

यंत्र परत उठलंच नाही तर? मग राइड पूर्ण करायची. इथे मला बीआरएम करणाऱ्यांशी जरा भांडायचं आहे. स्क्रीन काळी पडली म्हणून राइड सोडून गाडी बोलावणारे वाढले आहेत. पाय ठीक, सायकल ठीक, वेळ हातात, आणि तरी डीएनएफ, म्हणजे राइड अपूर्ण. हे मला पटत नाही. ब्रेव्हे कार्ड, म्हणजे शिक्के घ्यायचं कार्ड, तुमच्या खिशात आहे. कंट्रोलचा शिक्का, तिथली एटीएमची पावती किंवा आयोजक जे मागतील ते. राइडचा पुरावा तो. आयोजकाला फोन करा, जीपीएस गेला आहे असं सांगा, पुढच्या कंट्रोलला काय दाखवायचं ते विचारा, आणि पेडल मारा. ज्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसच्या पात्रतेसाठी आपण या राइड करतो ती १८९१ मध्ये स्पर्धा म्हणून सुरू झाली. १,२०० किलोमीटर, ९० तास. तिच्या रस्त्यावर आजही बाणांच्या पाट्या लावतात, म्हणजे यंत्र बंद पडलं तरी रायडरला रस्ता सापडतो.

वेळेचा हिशेब मनात होतो. २०० किलोमीटरच्या बीआरएमची मुदत साडेतेरा तास, ३०० ची २०, ४०० ची २७, ६०० ची ४०. सगळ्यांच्या मुळाशी ताशी साधारण पंधरा किलोमीटर आहे. म्हणून अंतराला पंधराने भागा. पहाटे सहाला निघालात आणि नव्वदाव्या किलोमीटरवर कंट्रोल आहे, तर बाराच्या आत पोचायचं. मनगटावर साधं घड्याळ असलं की पुरे. अंतर कुठून कळणार? रस्त्याकडेच्या दगडावरून. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्यमार्गाचा. त्यावर पुढच्या गावाचं नाव आणि अंतर लिहिलेलं असतं. एवढं भान ठेवा की राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले. पुणे–सातारा रस्ता कागदावर ४८ आहे, टपरीवर अजून ‘एनएच फोर’च. रस्ता विचाराल तेव्हा क्रमांक विचारू नका, गाव विचारा. ‘सुरूर फाटा कुठे?’ म्हटलं की शाळकरी पोरगंही हात दाखवतं.

फोन आहेच, पण त्याला राखून ठेवा. आदल्या दिवशी त्या भागाचा नकाशा उतरवून घेतलेला असावा, म्हणजे रेंज नसली तरी उघडतो. राइडमध्ये फोन फ्लाइट मोडवर टाकला तरी त्याचा जीपीएस बहुतेक फोनमध्ये चालू राहतो आणि बॅटरी टिकते. वळणापाशी काढा, बघा, परत ठेवा. फोन हँडलबारवर लावून दिवसभर उजळत ठेवलात तर संध्याकाळी पंक्चर झाल्यावर मदतीला बोलावायला काहीच उरणार नाही. रात्रीच्या घाटात तो फोन म्हणजे तुमचा जीव आहे, त्याला नकाशापायी जाळू नका.

घरी पोचलात, आंघोळ झाली, आता यंत्र हातात घ्या. पहिलं काम केबल लावून राइडची फाइल लॅपटॉपवर उतरवणं. काहीही तपासण्याआधी, काहीही अपडेट करण्याआधी. आपली फाइल यंत्राच्या कोणत्या फोल्डरमध्ये असते, हे प्रत्येक रायडरला माहीत असलंच पाहिजे. २३ जुलै २०२० ला गार्मिनवर सायबर हल्ला झाला आणि त्यांची ऑनलाइन सेवा काही दिवस बंद राहिली. त्या दिवसांत यंत्रं मजेत चालत होती, नोंद होत होती, फक्त वर चढत नव्हती. ज्यांना फोल्डर माहीत होतं त्यांनी केबलने फाइल काढून दुसरीकडे चढवली. बाकीचे आपली राइड हरवली म्हणून हळहळत बसले, आणि ती त्यांच्याच हँडलबारवर होती.

फाइल हाताशी आली की शोध सुरू. शेवटी टाकलेला रूट काढा, कारण यंत्र उठताना त्याच फाइलला अडखळून पुन्हा पुन्हा बंद पडण्याचे प्रकार होतात. साठवण भरली आहे का बघा. मग सॉफ्टवेअर अपडेट करा आणि त्यानंतर एक छोटी राइड मारून खात्री करा. मोठ्या राइडच्या आदल्या रात्री अपडेट कधीही नको. एवढं करूनही तेच होत असेल तर बिल आणि यंत्राचा क्रमांक घेऊन दुकानात जा. कंपन्या अनेकदा दुरुस्तीऐवजी दुसरंच यंत्र हातात देतात, तुमचं जुनं परत येत नाही. त्यात तुमच्या घराची जागा आहे, रोज किती वाजता कुठून निघता हे आहे. ते देण्याआधी सगळं पुसा. फॅक्टरी रीसेटची खरी वेळ ही.

आता कंपन्यांना दोन शब्द. पन्नास-साठ हजारांचं यंत्र विकता, त्यात नकाशा आणि नोंद वेगवेगळे चालले पाहिजेत. मार्ग शोधणारा भाग कोसळला तर कोसळू दे, पण सेकंदाची नोंद लिहिणारा भाग चालूच राहिला पाहिजे. आणि बिघडल्यावर बोला. त्रिकोण, फिरतं चक्र, काळी स्क्रीन यातून माणसाला काही कळत नाही. ‘मार्ग शोधणं थांबवलं आहे, नोंद चालू आहे’ एवढी एक ओळ दाखवलीत तर घाटात उभा राहिलेला माणूस बिनघोर पुढे निघेल. ही मागणी अवास्तव नाही.

दुसरी मागणी आपल्याच क्लबांकडे. हल्ली रूट म्हणून नुसती लिंक येते. वळणांचा कागद मागितला तर ‘सगळ्यांकडे जीपीएस असतो’ हे उत्तर मिळतं. सगळ्यांकडे नसतो, आणि ज्यांच्याकडे असतो त्यांचाही बंद पडतो. कॉलेजमधली पोरगी साध्या सायकलवर, यंत्राशिवाय पहिली २०० करायला येते तेव्हा तिला त्या कागदाची पहिली गरज असते. प्रत्येक स्टार्टला एक पान हातात द्या: गावांची नावं, वळणं, स्टार्टपासूनचं अंतर, प्रत्येक कंट्रोल बंद व्हायची वेळ, आयोजकाचा फोन. अक्षर एवढं मोठं की हेडलॅम्पच्या उजेडात चष्म्याशिवाय वाचता यावं. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात. छपाईचे दहा रुपये फीमध्ये वाढवा, येत्या मोसमापासून.